दीडशे रुपयांचा चरखा आणि पंचेचाळीस हजारांचा लॅपटॉप

1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. रक्कम त्या काळी डोळे दिपवणारी होती. पण अभ्यास करण्याजोग्या आहेत त्या अटी. यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. ते खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावे आणि बाईला आठ तास फारसे न थकता त्यावर काम करता यावे. तेवढ्या वेळात 12 ते 20 नंबरचे 16,000 फूट सूत निघावे. यंत्र भारतात बनलेले असावे. वेळच्या वेळी देखभाल झाली तर ते 20 वर्षे चालावे, आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांपलीकडे जाऊ नये. संशोधकाने पेटंट घ्यायला हरकत नव्हती, मात्र बक्षीस हवे असेल तर ते हक्क संघाच्या स्वाधीन करायचे होते. किर्लोस्करांच्या कारखान्यात तयार झालेले यंत्रही या स्पर्धेसाठी पुढे आले. बक्षीस शेवटपर्यंत कोणालाच मिळाले नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत 1938 च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात चरख्यांचे अनेक प्रकार आजही पाहता येतात. ते पाहताना वाटते, घरगुती यंत्र पारखण्याची इतकी पुरी प्रश्नावली आपल्याकडे पुन्हा कोणी केलेली नाही. किंमत किती, काम किती, टिकणार किती, दुरुस्तीला किती, आणि यंत्रावर हक्क कोणाचा? संगणक घेताना आपण यातला पहिला प्रश्न विचारतो आणि दुकानातून बाहेर पडतो. उरलेले चार प्रश्न वर्धा जिल्ह्यातल्या सेवा केंद्रचालकाला, शाळेला, डीटीपी करणाऱ्याला किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या बापाला नंतर पैसे मोजून सोडवावे लागतात. ते आधीच सोडवता येतात.

तुलनेला चार पक्ष आहेत: विंडोजचा संगणक, ॲपलचा मॅक, गूगलची क्रोमबुक आणि लिनक्स. यातला पहिला आणि चौथा एकाच यंत्रावर नांदतात, ही गोष्ट पुढे निर्णायक ठरणार आहे.

हिशोबाची रीत साधी ठेवू. खरेदी, दुरुस्ती आणि विजेतला फरक यांची बेरीज करायची, शेवटी विकून येणारी रक्कम वजा करायची आणि वर्षांनी भागायचे. खालचे भाव मी उदाहरणादाखल धरले आहेत. आपल्या बाजारातले भाव घालून कोणालाही हे गणित पुन्हा मांडता येईल. पंचेचाळीस हजारांचा नवा विंडोज लॅपटॉप सात वर्षे वापरला, दोनदा बॅटरी बदलली (7,000), दरवर्षी पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलली (3,500) आणि शेवटी पाच हजारांना विकला, तर वर्षाला सुमारे 7,200 रुपये पडतात. चाळीस हजारांचा असेंबल्ड डेस्कटॉप आठ वर्षे चालला, त्याला यूपीएस, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि किरकोळ सुटे भाग मिळून तेरा हजार लागले आणि चार हजार परत आले, तर वर्षाला साधारण 6,100. इथे डेस्कटॉप स्वस्त वाटतो. पण तो 100 वॅट खातो आणि लॅपटॉप 25. दिवसाला आठ तास, वर्षाला 300 दिवस म्हणजे 180 युनिटांचा फरक. युनिटला दहा रुपये धरले तर 1,800 रुपये. डेस्कटॉप 7,900 वर जातो आणि स्वस्ताईचा समज गळून पडतो. नव्वद हजारांची मॅकबुक एअर आठ वर्षे चालली, एकदा बॅटरीला पंधरा हजार गेले आणि वीस हजार परत आले, तर वर्षाला 10,600. कंपन्यांनी वापरून काढलेला, बावीस हजारांचा सेकंडहँड बिझनेस लॅपटॉप पाच वर्षे चालला, त्यात बॅटरी आणि साफसफाई धरली, विक्रीची रक्कम वजा केली, तर वर्षाला 4,900. क्रोमबुकची खरेदी यांच्या तुलनेत हलकी असते. तिचा प्रश्न किमतीचा नाही, तो पुढे येईल.

आता 5 टक्क्यांची अट लावून पाहू. पंचेचाळीस हजारांवर वर्षाला 2,250 रुपयांची मुभा मिळते, आणि वरच्या हिशोबात खर्च 1,500 आहे. विंडोजचा लॅपटॉप उतरला. मॅकही उतरते: 4,500 ची मुभा, 1,900 च्या आसपास खर्च. पण हल्लीच्या मॅकबुकमध्ये प्रोसेसर, रॅम आणि साठवण एकाच बोर्डावर जोडलेले असतात. तो बोर्ड गेला आणि बिल यंत्राच्या निम्म्या किमतीचे आले, तर दहा वर्षांची तरतूद एका दिवसात संपते. हल्लीच्या अनेक पातळ विंडोज लॅपटॉपमध्येही रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तेव्हा हा दोष एकट्या ॲपलचा धरू नये. सुटसुटीत उघडणारे, रॅम आणि एसएसडी बदलता येणारे यंत्र कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा ते उघडते का, हे आधी पाहावे.

मॅक महाग पडते या हिशोबाविरुद्ध एक वजनदार पुरावा नेहमी पुढे येतो. आयबीएमने 2016 मध्ये जाहीर केले की त्यांच्याकडे चार वर्षांत दर मॅकमागे, विंडोज संगणकाच्या तुलनेत, 273 ते 543 डॉलर वाचतात. एक कारण असे की मदतीसाठी माणूस प्रत्यक्ष पाठवावा लागण्याचे प्रमाण मॅकवाल्यांत 5 टक्के होते, विंडोजवाल्यांत 27 टक्के. आकडे खोटे मानण्याचे कारण नाही. पण त्यांचा अर्थ लावताना त्या हिशोबात कोणती गोष्ट महाग आहे ते पाहिले पाहिजे. अमेरिकन कंपनीत तंत्रज्ञाचा तास महाग आणि यंत्र त्या मानाने स्वस्त. वर्ध्यात, आर्वीत, हिंगणघाटात नेमके उलट आहे. इथे दुरुस्ती करणाऱ्या पोराचा तास स्वस्त आहे, हात तयार आहे, आणि यंत्र मात्र घराच्या काही महिन्यांच्या कमाईएवढे आहे. ज्या गुणामुळे आयबीएमचा पैसा वाचला, म्हणजे माणसाची गरज कमी लागणे, तो गुण इथे विकत घेण्यात फारसा लाभ नाही. इथे मोल आहे ते गावातल्या माणसाला हात घालता येईल अशा यंत्राचे. परदेशी परीक्षणे वाचून घेतलेले निर्णय आपल्याकडे फसतात ते बहुतेक याच ठिकाणी.

विश्वासार्हतेकडे वळताना आधी वर्ध्याचा उन्हाळा मोजायला हवा. ॲपल आपले लॅपटॉप 10 ते 35 अंश सेल्सिअस या तापमानात वापरायला सांगते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या खोलीत कूलर बंद पडला की यंत्रासाठी मर्यादा उरतच नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ठोकताळा असा की तापमान 10 अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. यूपीएसमधल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीलाही, 25 अंशांच्या वर, जवळजवळ हाच नियम लागतो. म्हणून आपल्याकडे यूपीएसची बॅटरी दोन वर्षांत फुगते, आणि लोक दोष देतात कंपनीला.

हिंगणघाटच्या बाजूला यंत्रे बिघडण्याचे आणखी एक कारण आहे. जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू तरंगतात. लॅपटॉपचा पंखा ते ओढून घेतो आणि हीटसिंकच्या पितळी-तांबूस पात्यांच्या तोंडाशी त्यांचा थर बसतो. मग एप्रिलमध्ये कूलर सुरू होतो, ओलसर हवा त्या थरातून जाते, धूळ चिकटते. जूनमध्ये असे यंत्र उघडले की चिमट्याने अख्खी राखाडी पट्टी सोलून निघते, नमद्यासारखी दाट, पात्यांच्या खुणा उमटलेली. ती काढली, पेस्ट बदलली की जे यंत्र दहा मिनिटांत बंद पडत होते ते दिवसभर चालते. अर्ध्या तासाचे काम, पण ते न झाल्यामुळे चांगली यंत्रे भंगारात गेलेली आहेत. इथे मॅकबुक एअरला मान द्यायला हवा: 2020 च्या एम1 पासून तिच्यात पंखाच नाही, त्यामुळे तंतू ओढले जात नाहीत. उन्हाळ्यात ती मंदावते, पण गुदमरत नाही. पंखा नसलेल्या क्रोमबुकांनाही हाच फायदा. डेस्कटॉपला लॅपटॉपसारखी बॅटरी नसल्याने त्याला वीज गेल्याचा फटका जास्त बसतो. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आतच असलेला यूपीएस, आणि आपल्या भागात हा त्याचा मोठा गुण आहे.

आता टिकण्याची अट, 20 वर्षांची. इथे चारही पक्ष नापास होतात, आणि गंभीर गोष्ट अशी की यंत्र मोडल्यामुळे नापास होत नाहीत. चरखा चाती वाकली, माळ तुटली म्हणून थांबायचा. संगणक कॅलेंडरवरच्या तारखेला थांबतो. विंडोज 10 ही आवृत्ती जुलै 2015 मध्ये आली आणि 14 ऑक्टोबर 2025 ला तिचा सर्वसाधारण आधार संपला. घरगुती वापरकर्त्यांना पुढच्या एका वर्षाची मुदतवाढ दिली गेली, तीही अपवाद म्हणून. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे 2017 च्या सुरुवातीला घेतलेला, आजही उत्तम चालणारा लॅपटॉप अधिकृत यादीच्या बाहेर. मॅकची गोष्ट याहून टोकाची निघाली. इंटेल प्रोसेसरची मॅक मिनी ॲपल जानेवारी 2023 पर्यंत विकत होती. सप्टेंबर 2025 मध्ये आलेली मॅकओएस टाहो तिच्यावर बसत नाही. जुन्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट काही काळ येत राहतील, तरी तीन वर्षेही न झालेल्या खरेदीवर मुख्य दार बंद झाले. क्रोमबुकला गूगलने 2023 मध्ये दहा वर्षांच्या अपडेटची हमी दिली, आणि ही मुदत आधीच जाहीर केलेली असते, हे तिच्या बाजूचे. फक्त ती मोजली जाते तो प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नव्हे. चार वर्षे जुने मॉडेल सवलतीत घेतले तर हातात सहाच राहतात.

लिनक्सची रीत वेगळी. उबुंटू या लिनक्स-प्रकाराच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षांचा आधार असतो, पण पुढची आवृत्ती त्याच यंत्रावर फुकट बसते, आणि विंडोज 11 ने नाकारलेला 2017 चा लॅपटॉप तिला चालतो. तिथेही मर्यादा आहेच: ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 32-बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर उरला नाही. तरी भाजकातली वर्षे वाढवण्याची ताकद चौघांत याच पक्षाकडे आहे. बावीस हजारांचा सेकंडहँड लॅपटॉप पाचऐवजी आठ वर्षे चालला, आणखी एक बॅटरी आणि तीन वर्षांची साफसफाई धरली, तरी वर्षाला 3,700 च्या आतबाहेर येतो. शिवाय 1929 ची शेवटची अट, हक्क समाजाकडे असण्याची, पूर्ण करणारा पक्षही हाच. केरळने शाळांसाठी स्वतःचे लिनक्स बांधून ते वर्षानुवर्षे चालवले. महाराष्ट्राने हे का केले नाही, हा प्रश्न मला अजून टोचतो. आपल्याकडे एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणकाशी बसायला शिकवले, हे मोठे काम. पण ते बसणे बहुतांशी विंडोजसमोरचे होते, आणि सवय हीसुद्धा एक किंमत असते.

मग सगळ्यांनी लिनक्स घ्यावे का? नाही. आपले सरकार सेवा केंद्राच्या टेबलावर काय काय असते ते पाहिले की उत्तर मिळते: ठसा घेणारे यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, स्कॅनर, प्रिंटर. आधारसाठी ठसा घेणाऱ्या यंत्रांचे सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनते. ते लिनक्सवर अडले आणि समोर दाखल्यासाठी वीस माणसे उभी असली, तर वर्षभरात वाचलेले पैसे त्या एका दिवसात जातात. केंद्रचालकाने विंडोज 11 चालणारे, उघडता येणारे यंत्र घ्यावे आणि जुने यंत्र विकण्याऐवजी राखीव ठेवावे. शाळेने आणि घरच्या विद्यार्थ्याने सेकंडहँड बिझनेस लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स बसवावे. सगळे काम ब्राउझरमध्ये असेल आणि नेट खात्रीचे असेल तर क्रोमबुक, मुदत पाहून. मॅक त्याने घ्यावी ज्याचे व्हिडिओ किंवा संगीताचे काम तिच्यावर रोज कमाई करते आणि जो बोर्ड गेल्याचा धक्का सोसू शकतो.

डीटीपीवाल्यांचे मात्र वेगळे सांगायला हवे, कारण त्यांचा खरा ठेवा यंत्रात नसून फायलींत आहे. डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली पुस्तके, लग्नपत्रिका, स्मरणिका युनिकोडमध्ये नाहीत. फाँट काढला की उरते ती रोमन अक्षरांची विचित्र रांग. त्यात पेजमेकर, आणि कधी श्री-लिपीचे डाँगल लावल्याशिवाय न उघडणारी प्रत. असा एखादा विंडोज एक्सपीचा डबा अनेक छापखान्यांत केवळ जुन्या फायलींसाठी जिवंत ठेवलेला असतो. त्याचे कपॅसिटर वर सांगितलेल्या नियमानेच झिजत आहेत. तो सुरू होतो आहे तोवर प्रत्येक फायलीची एक पीडीएफ काढावी, मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेत, आणि मूळ फाइल व फाँट दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावेत. नवा संगणक कोणता घ्यायचा हा विचार त्यानंतर करावा.