आता मोठ्यांची वेळ

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल आलं, त्यांना हा क्षण नक्की आठवत असेल. कार्टून नेटवर्क चालू आहे, टॉम जेरीच्या मागे धावतोय, आणि ठरलेली वेळ झाली की सगळं एकदम बदलायचं. त्याच चॅनलवर टीएनटी सुरू व्हायचं. पडद्यावर जुना इंग्रजी सिनेमा, हॅट घातलेली माणसं, आपल्याला न कळणारं बोलणं. १९९५ साली भारतात आलेल्या या चॅनलची सुरुवातीला विभागणीच तशी होती. दिवस मुलांचा, रात्र मोठ्यांची.

पुढे कार्टून चोवीस तास झालं. मग आम्हीच मोठे झालो. आणि एका रात्री कॉट बेसिसच्या खोलीत, कानात हेडफोन घालून, मी फोनवर 'सामुराई जॅक'चा पाचवा सीझन बघत होतो. लहानपणीचा तोच हिरो. पण आता त्याची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, हातातली तलवार गायब. आपण बघितलेलं कार्टून आपल्याबरोबर म्हातारं होऊ शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

जुनं कार्टून मोठ्यांसाठी नव्याने काढायचं, ही हल्लीची फॅशन वाटते. खरी गोष्ट थोडी उलटी आहे. कार्टून मुळात फक्त मुलांचं नव्हतंच.

टॉम आणि जेरी १९४० साली जन्माला आले ते थिएटरसाठी. मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे ते छोटे चित्रपट होते आणि समोर सगळ्या वयाचे प्रेक्षक असायचे. त्या मालिकेला सात ऑस्कर मिळाले. 'द फ्लिंटस्टोन्स' १९६० साली अमेरिकेत सुरू झालं ते रात्रीच्या मुख्य वेळेत, मोठ्यांचा विनोदी कार्यक्रम म्हणून. त्याचा एक प्रायोजक सिगारेटची कंपनी होती आणि जाहिरातीत फ्रेड आणि बार्नी मजेत झुरके घ्यायचे. आपण दुधाचा कप हातात घेऊन ज्याला बघितलं, तोच हा फ्रेड.

मग कार्टून 'मुलांचं' कधी झालं? साठच्या दशकात अमेरिकेतल्या टीव्ही कंपन्यांनी स्वस्तात बनवलेली कार्टून्स शनिवारी सकाळी लावायला सुरुवात केली. आईवडील झोपलेले, मुलं टीव्हीसमोर, आणि मधे खेळण्यांच्या, सीरियलच्या जाहिराती. 'स्पेस घोस्ट'सारखे मारामारीचे हिरो याच काळातले, १९६६ चे. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि टीव्हीवरच्या हिंसेबद्दल देशभर चर्चा पेटली. त्याच वर्षी काही आयांनी मिळून 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. मारधाडीची कार्टून्स मागे पडली आणि काय दाखवायचं, काय नाही, याची कुंपणं घट्ट झाली. म्हणजे कार्टून लहान मुलांचं झालं ते चित्रांच्या स्वभावामुळे नाही. वेळापत्रक, जाहिराती आणि पालकांची भीती या तिघांनी मिळून ते तसं केलं.

परतीचा रस्ता पैशाच्या अडचणीतून निघाला. १९९१ मध्ये टेड टर्नर यांच्या कंपनीने हॅना-बार्बेराचा सगळा जुना साठा विकत घेतला आणि १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झालं. नवीन काही बनवायला बजेट थोडं, जुनी रिळं मात्र ढीगभर. १९९४ मध्ये माइक लॅझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जुन्या 'स्पेस घोस्ट'ची चित्रं कापून जोडून त्याला चक्क टॉक शोचा सूत्रसंचालक केलं. पाहुणे खरे, सूत्रसंचालक कार्टून आणि प्रश्न वेड्यासारखे. हा प्रकार रात्री जागणाऱ्या मोठ्यांना आवडला. २ सप्टेंबर २००१ ला त्यातून रात्रीचा वेगळा विभाग उभा राहिला, 'अ‍ॅडल्ट स्विम'. नाव पोहण्याच्या तलावावरून आलं. मुलांना बाहेर काढून फक्त मोठ्यांना पाण्यात सोडतात, ती वेळ.

त्याच्या तीनच आठवडे आधी, १० ऑगस्टला, याच चॅनलवर 'सामुराई जॅक' सुरू झालं होतं. निर्माता गेंडी टार्टाकोव्स्की, 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी'वाला. मॉस्कोत जन्मलेला, लहानपणी घरच्यांबरोबर अमेरिकेत आलेला. त्याचा हिरोही परक्या जगात येऊन पडलेलाच. अकू नावाचा राक्षस त्याला भविष्यकाळात फेकतो आणि जॅक घरी जाण्याची वाट शोधत राहतो. कार्यक्रम मुलांचा होता, म्हणून जॅकच्या तलवारीखाली बहुतेक यंत्रमानवच यायचे. रक्ताऐवजी काळं तेल उडायचं. ५२ भाग झाले आणि २००४ मध्ये मालिका थांबली. जॅक घरी पोचलाच नाही.

मी आणि माझा धाकटा भाऊ यावर खूप भांडलो होतो. तो म्हणायचा, पोचणार. मी म्हणायचो, पोचला तर कार्टून संपेल, म्हणून पोचणार नाही.

११ मार्च २०१७ ला जॅक परत आला, अ‍ॅडल्ट स्विमवर, दहा भागांसाठी. अकूला आवाज देणारे माको २००६ मध्येच वारले होते, त्यांच्या जागी ग्रेग बाल्डविन आले. कथेतही पन्नास वर्षं उलटलेली. जॅकचं वय वाढत नाही, पण मन थकलेलं आहे. दुसऱ्या भागात तो यंत्र समजून एकावर वार करतो आणि मानेतून रक्त येतं. जॅक थिजतो. हा धक्का जॅकला बसतो तसा आपल्यालाही बसतो, कारण चार सीझन आपण निश्चिंतपणे तेल उडताना बघितलेलं असतं. मुलांसाठी पाळलेला नियम इथे कथेचाच भाग होतो.

प्रत्येकाला हे जमलं नाही. 'रेन अँड स्टिम्पी'ची २००३ ची मोठ्यांसाठीची आवृत्ती घाण आणि अश्लीलतेवर भिस्त ठेवून आली आणि थोडे भाग दाखवून गुंडाळली गेली. 'स्कूबी-डू'मधून काढलेली २०२३ ची 'वेल्मा' स्कूबीलाच बाहेर ठेवून उभी राहिली आणि दोन सीझनांनंतर बंद पडली. दोन्हींचा समज असा की 'मोठ्यांचं' म्हणजे शिव्या, रक्त आणि सेक्स. पण असल्या गोष्टी चोरून बघण्याचं कुतूहल चौदाव्या वर्षी असतं. चाळिशीकडे जाताना वेगळेच प्रश्न पडतात. आपल्या हातून काय झालं? किती वर्षं गेली? परत जाता येईल का?

पुढे शेवट सांगतोय, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. आशी ही अकूची मुलगी. तिच्या शक्तीच्या जोरावर जॅक भूतकाळात पोचतो आणि अकूला संपवतो. म्हणजे तो जिंकला. पण अकूच वाढला नाही, तर आशी जन्मणार कुठून? लग्नाच्या दिवशी ती नाहीशी होते. भविष्यात भेटलेले सगळे मित्रही त्या हिशोबाने कधी नव्हतेच. घर मिळालं, पण घर शोधताना जगलेली वर्षं गेली.

जुन्या आठवणी विकणाऱ्या धंद्यातून आठवणींबद्दल इतकं कडू खरं क्वचितच कोणी बोलतं. आमचा दोन खोल्यांचा वाडा पडून तिथे सात मजली इमारत झाली आहे. त्या खोलीत, त्या टीव्हीसमोर परत जायला मिळालं तर जाईन असं मी कित्येकदा म्हटलं होतं. आता तो सौदा तितका सोपा वाटत नाही. मधल्या वर्षांत भेटलेली माणसं परत द्यावी लागतील.

शेवटचा भाग संपल्यावर रात्री दीड वाजता भावाला मेसेज केला, 'जॅक बघून संपवला.' तो जागाच होता. त्याने एवढंच विचारलं, 'पोचला का घरी?'

मी लिहिलं, 'पोचला. तू जिंकलास. पण तूही बघ, मग बोलू.'