कमांड लाइनवर फाइलचा पाथ का चुकतो?

माउसने क्लिक करताच उघडणारी फाइल कमांड लाइनवर मात्र ‘सापडत नाही’, असा अनुभव लिनक्स वापरणाऱ्यांना अनेकदा येतो. फाइल जागेवरच असते; दोष तिचे नाव लिहिण्याच्या पद्धतीत असतो.

टाइप केलेली आज्ञा वाचून ती अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमला ‘शेल’ म्हणतात. शेलच्या दृष्टीने मोकळी जागा, म्हणजे स्पेस, हा दोन शब्दांमधील विराम होय. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातील ६६० मेगावॉटच्या तीन संचांना ८, ९ आणि १० असे क्रमांक आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने त्यांपैकी पहिल्या संचाची माहिती ‘कोराडी संच ८’ या नावाच्या फाइलमध्ये ठेवली, तर शेलला ती ‘कोराडी’, ‘संच’ आणि ‘८’ अशी तीन नावे वाटतात. फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’ या आज्ञेपुढे हे नाव तसेच लिहिल्यास मूळ फाइल शिल्लक राहते. मात्र ‘संच’ नावाची दुसरी फाइल तेथे असल्यास ती नाहक पुसली जाते.

उपाय कोणते?

* संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहावे : 'कोराडी संच ८'. एकेरी चिन्हांतील प्रत्येक अक्षर शेल जसेच्या तसे घेते. दुहेरी चिन्हांत डॉलरच्या चिन्हाचा विशेष अर्थ कायम राहतो.
* किंवा प्रत्येक स्पेसआधी बॅकस्लॅश द्यावा : कोराडी\ संच\ ८. 
* नावाची सुरुवातीची अक्षरे लिहून ‘टॅब’ दाबल्यास शेल बहुधा ही चिन्हे स्वतःच घालते.
* नाव उणे चिन्हाने सुरू होत असेल, तर त्याआधी ‘./’ लिहावे.
* पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी तोच पाथ ‘एलएस’ला देऊन कोणत्या फाइल दिसतात, ते पाहावे.

देवनागरी अक्षरांमुळे मात्र हा घोटाळा होत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत त्यांच्या एकाही बाइटची गल्लत स्पेस किंवा बॅकस्लॅशशी होऊ शकत नाही.

विंडोजचे वेगळेपण

१९८३ मधील एमएस-डॉस २.० मध्ये फोल्डरची सोय आली, तेव्हा आज्ञांच्या पर्यायांसाठी ‘/’ हे चिन्ह आधीच वापरात होते. त्यामुळे फोल्डर वेगळे दाखवण्यासाठी ‘\’ निवडले गेले. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये म्हणूनच स्पेस असलेला पाथ दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा लागतो. एकेरी चिन्हे तेथे चालत नाहीत. पाथच्या शेवटी ‘\’ असल्यास काही प्रोग्रॅम त्यापुढील अवतरणचिन्हही नावाचाच भाग समजतात.

एका स्पेसची किंमत

नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरमध्ये पाथभोवती अवतरणचिन्हे नव्हती. डिस्कच्या नावात स्पेस असलेल्या काही मॅक संगणकांवरील माहिती त्यामुळे पुसली गेली आणि कंपनीला २.०.१ ही सुधारित आवृत्ती द्यावी लागली. २०११ मध्ये लिनक्सवरील ‘बम्बलबी’ या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘/यूएसआर’नंतर एक जादा स्पेस पडली. पुसायचे होते त्यातील एक उपफोल्डर. आज्ञा गेली ती संपूर्ण ‘/यूएसआर’ पुसण्याची. ‘आरएम’ने पुसलेल्या फाइल कचरापेटीत जात नाहीत. म्हणूनच पाथ अवतरणचिन्हांत लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेणे श्रेयस्कर.