पुनरुज्जीवनोत्तर हृत्कार्यमापन

पुनरुज्जीवनोत्तर हृत्कार्यमापन : हृदयक्रिया अकस्मात बंद पडून (हृद्‌रोध) छातीवरील दाब, विजेचा शॉक व औषधे यांच्या योगे ती पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाच्या हृदयाची आकुंचनशक्ती, शिथिलनक्षमता आणि शरीराची तत्कालीन गरज भागविण्याची पात्रता ठरविण्याची प्रक्रिया. इस्पितळी बोलीत ‘अरेस्टनंतरचा इको’ एवढाच तिचा निर्देश होत असला, तरी इको हा तिच्या दफ्तरातील एक कागद आहे, संपूर्ण दफ्तर नव्हे. या मापनात कोणते उपकरण वापरले यापेक्षा ते नाडी परतल्यापासून कितव्या तासाला वापरले, याला अधिक महत्त्व असून आकड्याशेजारी वेळेची नोंद नसेल, तर तो आकडा तारीख नसलेल्या दस्तऐवजाच्या योग्यतेचा समजावा.

इतिहास : कौवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर यांनी 1960 साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समधून छाती न उघडता हृदय दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यावर बंद पडलेले हृदय चालू करणे हेच वैद्यकाचे साध्य मानले जाऊ लागले, परंतु मॉस्को येथे 1936 पासून याच विषयाची प्रयोगशाळा चालविणारे व्लादिमिर नेगोव्हस्की यांनी, नाडी परतल्यानंतर शरीरात जी उलथापालथ होते ती स्वतंत्र व्याधीच होय, असे प्रतिपादून 1972 मध्ये तिला ‘पुनरुज्जीवनोत्तर रोग’ असे नाव दिले. रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावरही जिवंत हृत्स्नायू काही काळ निश्चेष्टप्राय राहतो, या अवस्थेचे विवरण ब्राउनवाल्ड व क्लोनर यांनी 1982 साली केले. तिला येथे ‘हृत्स्नायूची मूर्च्छा’ म्हटले आहे. पुनरुज्जीवनानंतरचे मेंदूची इजा, हृत्स्नायूचा बिघाड, सर्वांगीण रक्तन्यूनता व पुनःपुरवठा यांचे परिणाम आणि मूळ कारणाची शिल्लक असे चार घटक 2008 च्या आंतरराष्ट्रीय निवेदनाने एकत्र मांडले.

मूर्च्छेचा पुरावा : या विषयातील सर्वांत स्वच्छ पुरावा डुकरांवरील प्रयोगांतून हाती आला. कर्न व त्यांचे सहकारी यांनी निरोगी डुकरांची हृदयक्रिया थांबवून ती पुन्हा चालू केली असता उत्क्षेपणांश (प्रत्येक ठोक्यास डाव्या निलयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा अंश, व्यवहारात ‘ईएफ’) सुमारे 55 टक्क्यांवरून 20 टक्क्यांपर्यंत उतरला, आणि त्याच निलयातील शिथिलनान्त दाब 8 ते 10 मिमी. पाऱ्यावरून 20 ते 22 वर गेला. हा फरक अर्ध्या तासातच दिसू लागला. हृद्‌रोहिण्यांतील प्रवाह मात्र या काळात घटलेला नव्हता, आणि 48 तासांच्या सुमारास हृदय पूर्वपदावर आले. प्राण्यांच्या हृदयाला आधीचा आजार नसल्याने हा पुरावा निर्मळ ठरतो. पण ज्या रुग्णाला पूर्वी झटका येऊन गेला आहे, त्याला तो तसाच लागू करणे घाईचे होईल. माणसांतील नोंदींमध्ये पॅरिसच्या लोरां व सहकाऱ्यांची 2002 ची मालिका वारंवार उद्धृत होते. तीतील 165 रुग्णांपैकी 73 रुग्णांचा रक्तदाब औषधांवाचून टिकेना. त्यांचे हृत्-निर्गम निर्देशांक (हृदयाने मिनिटाला बाहेर टाकलेले रक्त, शरीराच्या आकारमानाच्या प्रमाणात) आठव्या तासाच्या आसपास नीचांकी पोहोचून चोविसाव्या तासापर्यंत बऱ्यापैकी सुधारले. तथापि हृदय सावरले तरी रक्तवाहिन्या शिथिल झाल्याने औषधे लगोलग बंद करता येईनात, ही गोष्ट केवळ इकोकडे पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटण्याजोगी आहे. चोवीस तासांनंतरही निर्गम खालीच राहणे हे अनेक अवयव निकामी होऊन येणाऱ्या लवकर मृत्यूचे लक्षण ठरले.

इको : तपासणी रुग्णाच्या खाटेजवळच करतात. दाबण्याने बरगड्या मोडलेल्या, छातीवर शॉकचे पॅड चिकटलेले, व्हेंटिलेटरने फुप्फुसे फुगलेली आणि रुग्णाला कुशीवर वळविण्याची सोय नाही, अशा स्थितीत छातीवरील नेहमीच्या खिडक्यांतून प्रतिमा धूसर येतात, म्हणून बरगड्यांच्या खालून, यकृताच्या आडून घेतलेले दृश्य बहुधा उपयोगी पडते. उत्क्षेपणांशाची मागणी प्रथम होते. पण काही मिनिटांपूर्वी दिलेल्या अ‍ॅड्रेनलिनच्या अंमलाखाली तो फसवा चांगला, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध फसवा वाईट दिसू शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते महारोहिणीकडे जाणाऱ्या मार्गातील प्रवाहाचा वेग-काल समाकल (व्हीटीआय) या प्रसंगी अधिक बोलका होय. निरोगी प्रौढात तो साधारणतः 18 ते 22 सेंमी. भरतो. तो 10 सेंमी. व मार्गाचा व्यास 2 सेंमी. असल्यास दर ठोक्याला सुमारे 31 मिली. रक्त बाहेर पडते. मिनिटाला 60 ठोके धरल्यास 1.9 लिटर. व्यास चुकून 1.8 सेंमी. मोजला, तर हाच हिशेब सुमारे एकपंचमांशाने खाली येतो, कारण व्यासाचा वर्ग करावा लागतो. म्हणून व्यास एकदा नीट मोजून ठेवावा आणि पुढच्या फेरतपासणीत केवळ समाकलाची तुलना करावी, ही तजवीज शहाणपणाची.

भिंतींची हालचालही पाहणे अगत्याचे आहे. सर्व भिंती सारख्या मंद असतील तर मूर्च्छेचा, एकाच रोहिणीच्या इलाख्यातील भिंत निश्चल असेल तर अडथळ्याचा संशय येतो. पातळ व चकाकणारी भिंत जुन्या व्रणाची साक्ष देते. हृदयाचे केवळ टोक फुगून तळ जोराने आकुंचत असेल, तर तणावजन्य विकार, आणि क्वचित मेंदूतील रक्तस्राव, ध्यानात घ्यावा. रुंदावलेल्या उजव्या निलयावरून फुप्फुस-रोहिणीतील गुठळीचे निदान उताविळीने करू नये, कारण डेन्मार्कमधील डुकरांवरील प्रयोगांत रक्तस्राव वा तालबिघाड यांमुळे झालेल्या हृद्‌रोधातही तो रुंदावलेला आढळला. छाती दाबल्याने परिहृद् आवरणात रक्त साचले आहे काय, याचीही खातरजमा करावी.

ईसीजी व रक्तपरीक्षा : नाडी परतताच काढलेला ईसीजी हृदयविकाराचा झटका दाखवीत असला, तरी तो खोटा निघू शकतो; इटली, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रियातील 2021 च्या अभ्यासात पहिल्या सात मिनिटांतील ईसीजींमध्ये अशा खोट्या दाखल्यांचे प्रमाण 18.5 टक्के, तर 8 ते 33 मिनिटांच्या गटात 7.2 टक्के होते. हृत्स्नायूच्या इजेचे निदर्शक असलेले ट्रोपोनिन शॉक व दाब यांनीही वाढते. लॅक्टेट (ऑक्सिजन अपुरा पडल्यास रक्तात वाढणारे द्रव्य) व लघवीचे प्रमाण हृदयाविषयी नव्हे, तर हृदयाने शरीर पोसले की नाही याविषयी सांगतात.

अँजिओग्राफी : झटक्याची ईसीजी-लक्षणे असल्यास ती तातडीने करावी याविषयी फारसे दुमत नाही. ही लक्षणे नसताना लगोलग अँजिओग्राफी करण्याचा लाभ नेदरलँड्समधील 2019 च्या व प्रामुख्याने जर्मनीतील 2021 च्या चाचणीत दिसून आला नाही. अस्थिर रुग्णांबाबत मात्र निकाल अद्याप तहकूब समजावा.

शीतन : मेंदूच्या बचावाच्या हेतूने शरीर 33 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले असता नाडी मंदावून हृत्-निर्गमही घटतो, पण शरीराची मागणीही घटत असल्याने, लॅक्टेट वाढत नसेल व लघवी होत असेल तर, चाळिशीतील नाडीवर उपचार करण्याचे सहसा कारण नसते.

बालरुग्ण : बालकांत हृद्‌रोध बहुधा श्वासावरोधाने घडतो, मापनाची तत्त्वे तीच.

फेरमापन : पहिला इको शक्य तितक्या लवकर, आणि दुसरा चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान, औषधांची मात्रा शेजारी लिहून, करावा. मेंदूविषयीचा अंतिम शेरा 72 तासांपूर्वी देऊ नये असा आज सर्वमान्य दंडक आहे. हृदयाला तो सर्वत्र लिखित स्वरूपात लागू नसला, तरी पहिल्या रात्रीच्या 20 टक्क्यांवरून नातेवाइकांना ‘हृदय संपले’ असे सांगण्याची रीत गैर होय. चोवीस तासांनी वाढलेला अंश मूर्च्छेच्या बाजूने पडतो. तो तसाच राहिला, तर हृद्‌रोहिणीचा विकार, जुना स्नायुविकार वा स्नायुदाह यांचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी रुग्ण स्थिर झाल्यावर एमआरआयने व्रणाचा विस्तार पाहता येतो. झटक्यानंतर अंश खालावलेला असल्यास, प्रतिबंधक म्हणून शॉक देणारे यंत्र बसवावे की नाही, हे सहा ते बारा आठवड्यांनंतरच्या मापनावर ठरवितात.