शाळेच्या सभागृहातली नटी : सुलभा देशपांडे

मागे उभे असलेल्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

मुंबई जे पाणी पिते त्यातलं जवळजवळ निम्मं आपल्या भातसा धरणाचं. पाणी इथून जातं, पण मुंबईचं नाटक काही उलट्या दिशेनं फारसं येत नाही. आसनगावहून कसारा लोकल पकडून दादरला जायचं, नाटक बघायचं, आणि शेवटचा अंक अर्धा टाकून शेवटच्या गाडीसाठी पळायचं, हा अनुभव या सभागृहात बऱ्याच जणांना असेल. आम्हालाही आहे. म्हणूनच एका नटीबद्दल बोलायला उभं राहताना आधी हे कबूल करून टाकतो की जिच्याबद्दल बोलणार, तिचं सगळ्यात मोठं काम आम्ही पाहिलेलं नाही. १९६७ सालच्या त्या प्रयोगाला बसलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. बाकीच्यांनी सुलभाताईंना पाहिलं ते पडद्यावर, आणि पडद्यावर त्या बहुतेक वेळा कुणाची तरी आई होत्या.

‘चौकट राजा’ आठवा, १९९१ सालचा. दिलीप प्रभावळकरांचा नंदू सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि ते बरोबरच आहे. पण वाढलेल्या अंगाच्या आणि न वाढलेल्या बुद्धीच्या त्या मुलाला सांभाळणारी आई सुलभाताईंनी केली होती. ती रडून दाखवत नाही. तिच्या चेहऱ्यावर कायम एक हिशोब चाललेला असतो : मी गेल्यावर याचं काय? ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये, म्हणजे २०१२ साली, श्रीदेवीची सासू त्याच. सिनेमातली सासू म्हटलं की आपण जे धरून चालतो, त्यातलं काही त्यांनी केलं नाही. सुनेची बाजू समजणारी, जिन्यात थांबून दम घेणाऱ्या आपल्या घरातल्या म्हातारीसारखी साधी बाई. टीव्हीवरही त्या शेवटपर्यंत दिसत राहिल्या. ‘बडी दूर से आये हैं’ या परग्रहावरच्या कुटुंबाच्या विनोदी मालिकेत आपल्या मुलांनी त्यांना पाहिलं असेल. नाव माहीत नसेल, चेहरा माहीत असेल.

एवढंच पाहिलं तर वाटेल की गुणी चरित्र अभिनेत्री होती, झालं. तसं नाही, हे सांगायला आम्ही उभे आहोत.

सुलभा देशपांडे, माहेरच्या कामेरकर, यांचा जन्म १९३७ चा, मुंबईचा. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. या सभागृहात शिक्षक बरेच आहेत म्हणून हे जरा ठासून सांगतो : त्या आधी शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांसाठी नाटकं हवीत, चांगली मिळत नाहीत, मग आपणच बसवू या, इथून त्यांची सुरुवात झाली. स्नेहसंमेलनाच्या धबडग्यात आपण जे करतो तेच, फक्त त्या तिथे थांबल्या नाहीत. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, श्रीराम लागू, अरविंद देशपांडे या मंडळींनी ‘रंगायन’ सुरू केली. सुलभाताई त्यात आल्या. अरविंद देशपांडे त्यांचे यजमान.

आता १९६७. राज्य नाट्यस्पर्धेसाठी ‘रंगायन’ला नाटक हवं होतं. तेंडुलकरांना पार्ल्यात काही हौशी मंडळी भेटली होती. अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेली, पत्ता विचारणारी. त्यांना वाट दाखवता दाखवता त्यांचं बोलणं कानावर पडलं, आणि त्यातून ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ उभं राहिलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं. लीला बेणारे सुलभाताईंची.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्यासारख्याच ठिकाणी घडते. मुंबईची एक मंडळी खेडेगावात कार्यक्रम करायला येते. गावातलं सभागृह. असंच, बरं का, खुर्च्या आणि एक दार असलेलं. सगळ्यात आधी पोचतात ती बेणारेबाई आणि त्यांना वाट दाखवणारा गावातला सामंत. दाराच्या कडीत बाईंचं बोट सापडतं. त्या हसून विषय सोडतात. मग बाकीचे येतात आणि वेळ जात नाही म्हणून लुटुपुटूचा खटला चालवू म्हणतात. आरोपी बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ खरा होतो. ती अविवाहित आहे, तिला दिवस गेले आहेत, ज्यानं जबाबदारी घ्यायची तो प्रोफेसर दामले त्या दिवशी आलेलाच नाही. ती निघून जायला बघते तर तीच कडी अडकून बसते. निकाल असा की शाळेतली नोकरी जाणार आणि पोटातलं मूल राहणार नाही.

बेणारे शिक्षिका आहे, आणि ती भूमिका करणारी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गावर जाणारी होती. आम्हाला या गोष्टीचं फार वाटतं. साठ सालानंतरच्या मुंबईत, शाळेत नोकरी करणाऱ्या एका विवाहित बाईनं रंगमंचावर उभं राहून, माझ्या शरीरावर माझा हक्क आहे असं सांगणाऱ्या कुमारिकेची बाजू घ्यायची होती. शाळेत पालक असतात, शिक्षकांची खोली असते. त्या खोलीत काय बोललं जातं हे आपल्यापैकी शिक्षकांना सांगायला नको. त्यांना कुणी काही म्हणालं असेल-नसेल. पण धोका कुठे होता ते ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

त्या नाटकाच्या शेवटाजवळ बेणारेचं एक लांब स्वगत आहे. ते तेंडुलकरांना आधी लिहायचं नव्हतं. बाई गप्प राहील, हेच त्यांना खरं वाटत होतं. अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला की तिला बोलू द्या. तालमी चालू असताना ते लिहिलं गेलं. आणि लिहिलं कसं, तर ती बोलते तेव्हा बाकीचे सगळे गोठून जातात. म्हणजे ती जे सांगते ते कोर्टातल्या कुणालाच ऐकू जात नाही. ऐकतो फक्त प्रेक्षक. हे नटीच्या दृष्टीनं किती अवघड आहे बघा. समोरून एकही प्रतिक्रिया मिळणार नाही, कुणाच्या डोळ्यांत बघून वाक्य टाकता येणार नाही. नुसता आवाज, आणि अंधारात बसलेली माणसं. जरा जास्त झालं तर भाषण होईल, जरा कमी पडलं तर रडगाणं. पुढे कितीतरी भाषांत कितीतरी नटींनी बेणारे केली, पण तो तोल पहिल्यांदा शोधला तो सुलभाताईंनी.

आमचे एक मित्र नेहमी वाद घालतात की स्वगत नकोच होतं, तेंडुलकरांचं पहिलं मत बरोबर होतं. असेल. नाटक म्हणून तो मुद्दा लढवता येतो. पण मग सुलभा देशपांडे हे नाव आज कुणी घेतलं असतं का, हा आमचा त्यांना प्रश्न असतो.

आता जरा इंग्लंडला जाऊन येऊ, कारण नट-नट्यांची तुलना निघाली की तिकडचं उदाहरण हमखास येतं. जूडी डेंच ह्या सुलभाताईंच्या साधारण समवयस्क, १९३४ च्या. १९५७ साली लंडनच्या ओल्ड विकमध्ये ऑफेलिया केली, १९६१ पासून रॉयल शेक्सपियर कंपनीत. पुढे टीव्हीवरच्या विनोदी मालिका, मग बाँडपटातली एम, मग ‘शेक्सपियर इन लव्ह’मधल्या जेमतेम आठ मिनिटांच्या कामाला ऑस्कर. रंगभूमी, टीव्ही, सिनेमा, तिन्हीकडे मान. पण आम्हाला त्यांचं वेगळंच एक काम इथे हवं आहे. १९७६ साली त्यांनी स्ट्रॅटफर्डला लेडी मॅक्बेथ केली ती मोठ्या थिएटरात नाही, तर ‘दि अदर प्लेस’ नावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. प्रेक्षक अगदी जवळ, नेपथ्य जवळजवळ नाही. ही शेड नाट्यगृह म्हणून सुरू झाली १९७४ साली.

आणि १९७४ सालीच दादरला काय झालं? छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं सुरू झाली. ‘रंगायन’मधून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे या मंडळींनी १९७१ साली ‘आविष्कार’ काढली होती. जागा नव्हती. मोठ्या थिएटरचं भाडं परवडत नव्हतं. तेव्हा सुलभाताई जिथे शिकवत होत्या त्या शाळेचं सभागृह मिळालं. शाळा सुटली की बाकं बाजूला, आणि नाटक. खाली गल्लीत बटाटेवड्याचा वास. ‘आविष्कार’नं ती जागा स्वतःपुरती ठेवली नाही, दुसऱ्या संस्थांना नाममात्र पैशात दिली. मराठीत ‘छबिलदास चळवळ’ म्हणतात ती ही. एखाद्या चळवळीला शाळेचं नाव पडलेलं दुसरं उदाहरण पटकन सुचत नाही.

फरक पुढे आहे. स्ट्रॅटफर्डच्या पत्र्याच्या शेडमधली लेडी मॅक्बेथ टेम्स टेलिव्हिजननं चित्रित केली, १९७९ साली घराघरांत दाखवली. आजही बघता येते. तिकडे नटीला कंपनीचा पगार होता. इकडे सुलभाताईंच्या संसाराला शाळेचा पगार आणि पुढे सिनेमातल्या आया यांचा आधार होता. रंगभूमीनं त्यांना पोसलं नाही, त्यांनी रंगभूमीला पोसलं. आणि छबिलदासमध्ये जे घडलं त्याचं पद्धतशीर चित्रण कुणी करून ठेवलं नाही. त्यामुळे आपल्या हाती राहतात त्या आयाच.

त्या आयांत मात्र एक आहे ती आपल्या भागाशी नातं सांगणारी. १९७७ साली जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ठाकर समाजाची गोष्ट. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ठाकर वस्ती किती आहे हे इथे सांगायची गरज नाही. त्यात नाग्याची, म्हणजे मोहन आगाशेंची, आई सुलभाताई. खरं सांगायचं तर पडद्यावरचे ठाकर शहरातून आलेत हे पाड्यावरच्या माणसाला लगेच कळतं. बोलण्यात कळतं, चालण्यात कळतं. सुलभाताईंच्या बाबतीतही थोडं कळतं. तरी पोराच्या खुळापुढे हात टेकलेल्या आईची जी दमणूक त्यांनी आणली आहे, ती खोटी वाटत नाही. त्याच वर्षी श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’मध्ये त्या स्मिता पाटीलच्या आई होत्या. हंसा वाडकरांच्या आयुष्यावरचा सिनेमा. त्यातली आई अगदी वेगळी, मुलीवर नजर ठेवणारी, घाबरलेली, म्हणून कडक. एका वर्षातल्या या दोन आया शेजारी ठेवून बघा, म्हणजे ‘आईच्या भूमिका’ असं एका शब्दात उरकणं किती चुकीचं आहे ते दिसेल.

मुलांचं नाटक त्यांनी सोडलं नाही. ‘आविष्कार’ची बालशाखा ‘चंद्रशाला’ त्यांच्याच मार्गदर्शनाखाली चालली, ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य मुलांच्या पिढ्यांनी केलं. १९७८ साली चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा मुलांचा सिनेमा त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. १९८७ हे वर्ष विचित्र गेलं. जानेवारीत अरविंद देशपांडे गेले, आणि त्याच वर्षाचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना अभिनयासाठी मिळाला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं त्या काम करत होत्या. ४ जून २०१६ रोजी त्या गेल्या.

आता जे दाखवणार आहोत त्याबद्दल दोन शब्द. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा सिनेमा केला. छायाचित्रण गोविंद निहलानींचं. पैसे कमी होते, आणि ते दिसतं. सिनेमा म्हणून त्यात खोट काढता येईल, पण बेणारे सुलभाताईंचीच आहे. १९६७ च्या त्या रात्रीच्या सगळ्यात जवळ आपल्याला यातूनच जाता येतं. शेवटी सामंत येतो तेव्हा नीट बघा, हिरवा पोपट घेऊन येणारा तो गावचा माणूस. त्या सगळ्या शहाण्या शहरी मंडळींत बाईशी नीट वागणारा तो एकटाच आहे, आणि नेमकं काय घडलं ते त्याला कळलेलंही नाही.

सिनेमा झाल्यावर प्रश्न घेऊ. ज्यांना शेवटची बस आहे त्यांनी दाराजवळ बसावं. आणि कुणीतरी ती कडी आतून लावू नका.