बेने इस्रायलांचें हिब्रू अक्षरशिक्षण

भोर-वेल्ह्याकडील जुन्या घरांतून मोडी कागदांचीं दप्तरें अद्यापि निघतात. घरांतील कर्ता मनुष्य तें फडकें सोडतो, एखादा कागद उजेडाकडे धरून पाहतो आणि पुन्हां होता तसा बांधून ठेवतो. कागदांतील भाषा त्याची स्वतःची असते; पणजोबांचें नांवहि त्यांत असावयाचें; परंतु अक्षरांची ओळख राहिलेली नसते. भाषा तोंडीं आहे पण लिपि गेली, अशी ही स्थिति होय. हिच्याहूनहि विलक्षण स्थिति घाटाखालच्या एका समाजाच्या वांट्यास आली होती. तेथें लिपि गेली होती आणि भाषाहि गेली होती. ओठांवर एक लहानशी प्रार्थना मात्र उरली होती. तेवढ्या आधारावर तो समाज पुन्हां अक्षरांपर्यंत कसा पोंचला, हें पाहणें बोधप्रद आहे.

भोर संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. तोंपर्यंत त्याचा सुधागड तालुका सह्याद्रीच्या पश्चिमेस, कोंकणांत होता. त्याला लागून असलेल्या कुलाबा जिल्ह्यांत पेण, रोहें, अलिबाग, रेवदंडा या बाजूंस बेने इस्रायल लोकांची जुनी वस्ती होती. त्यांची मातृभाषा मराठी. आडनांवें पेणकर, रोहेकर, दिवेकर, राजपूरकर अशीं गांवावरून पडलेलीं. धंदा बहुधा तेल गाळण्याचा. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. नौगांवच्या किनाऱ्यापाशीं गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या व धर्मग्रंथ समुद्रांत गेले, असें त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ गेले तरी सुंतेचा विधि, शनिवारचा विसांवा, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढें राहिलें. पुढें दावीद राहाबी नांवाच्या पुरुषानें या खुणांवरून त्यांस यहुदी म्हणून ओळखलें, अशी कथा आहे. त्याचा काळ कोणी हजार वर्षें मागें नेतात, कोणी अठराव्या शतकांत आणतात. कसेंहि असो, ओळख पटली ती कानावरून जपलेल्या शब्दांनीं व स्वयंपाकघरांतील आचारानें, पुस्तकानें नव्हे.

आतां अशा घरांतील मुलापुढें हिब्रू अक्षरें मांडलीं म्हणजे काय होतें, हें पाहूं. अक्षरें बावीस आणि ओळ उजवीकडून डावीकडे. पहिलेंच अक्षर आलेफ. त्यास स्वतःचा असा नाद नाहीं. आपल्या ‘क’ मध्यें ‘अ’ मुळांतच वसतो. हिब्रूंतलें व्यंजन उघडें असतें आणि स्वर दाखवावयाचा तर अक्षराच्या खालीं-वर बिंदु व रेघा द्याव्या लागतात. हीं स्वरचिन्हें गालील सरोवराकांठच्या तिबिर्या शहरांतील पंडितांनीं सुमारें सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान पक्कीं केलीं. बाराखडी घोकलेल्या मराठी मुलास तीं लवकर साधतात. परंतु मशिदींत (बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिरास मशीदच म्हणत) जी तोराची गुंडाळी उघडतात, तींत एकहि स्वरचिन्ह नसतें. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद वाचणारानें संदर्भानें जाणावा लागतो. येथें तर सगळाच स्वर स्मरणांतून पुरवावयाचा. म्हणजे ज्यानें आधीं ऐकलें आहे, त्यासच वाचतां येतें.

उलट, ज्यानें केवळ ऐकलें आहे त्यास डोळा फसवूं शकतो. दालेथ म्हणजे ‘द’ आणि रेश म्हणजे ‘र’ हीं दोन अक्षरें इतकीं सारखीं, कीं एकास मागें किंचित् टोंक आणि दुसऱ्यास गोलाई, एवढाच भेद. आपल्या ‘घ’ आणि ‘ध’ यांत नवखा विद्यार्थी असाच चुकतो. आतां, ईश्वर एक आहे, हें ‘शेमा’ चें सार. ‘एक’ यास शब्द ‘एहाद’. त्यांतील दालेथाच्या जागीं रेश वाचला तर शब्दाचा अर्थ ‘दुसरा’ असा होतो! म्हणूनच, असें सांगतात, तोराच्या गुंडाळींत हा दालेथ मुद्दाम मोठा लिहिण्याची चाल आहे. कोंकणांतील तेल्यास ही भीति कधींच नव्हती. त्यानें अक्षर पाहिलेंच नव्हतें. त्याच्या कानांत ‘द’ पक्का बसला होता.

मग अक्षरें आणलीं कोणीं? टिपूच्या कैदेंतून सुटून आलेले सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईस मांडवीवर पहिली मशीद बांधली. पुढें १८२६ च्या सुमारास कोचीनकडील यहुदी शिक्षक येऊं लागले. १८३२ सालीं स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीं याच लोकांसाठीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापलें. त्यांचा हेतु धर्मांतराचा होता, हें उघड आहे; पण शिष्यांनीं व्याकरण घेतलें आणि बहुतेकांनीं धर्म आपलाच ठेवला. १८४६ सालीं मुंबईस वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. १८७४ सालीं पुण्यास दुसरा निघाला आणि त्यांतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका मराठी वेषांत आहेत. १८७५ सालीं हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं मुंबईंत इस्रायली शाळा काढली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकहि ते झाले. ज्या समाजास शतकापूर्वीं अक्षर ठाऊक नव्हतें, त्यांतील मनुष्य इतरांची परीक्षा घेऊं लागला! आणि या सर्व वाटचालींत हातीं काठी होती ती मराठीची.

उच्चारांचा प्रश्न निराळा. हेथ हा खोल घशांतील ‘ह’ आणि आयिन हा त्याहून खोल ध्वनि मराठी गळ्यांत नाहीं. तेथें आपला साधा ‘ह’ आणि ‘अ’ येतो. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. युरोपांतील यहुद्यांनीं शनिवारास ‘शब्बोस’ म्हटलें, पूर्वेकडील यहुद्यांनीं ‘शब्बात’. लिहिण्याची अक्षरें तींच. जो ज्या गुरूपाशीं शिकला, त्याचा कान त्यास लाभला. शिकणारानें एक उच्चार धरून नित्य मोठ्यानें वाचावें, हेंच खरें.

१९४८ नंतर या समाजांतील बहुतेक लोक इस्राएलांत गेले. तेथें १९६० नंतरच्या वर्षांत विवाहाच्या प्रसंगीं कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या यहुदीपणाविषयींच शंका काढली. लोकांनीं चळवळ केली, आणि १९६४ सालीं तेथील विधिमंडळानें ते सर्वार्थानें यहुदी असल्याचें जाहीर केलें. जुना पुरावा मागतांना कागद विचारले जातात; आणि ग्रंथ तर समुद्रांत गेलेले!

‘शेमा’ या शब्दाचा अर्थ ‘ऐक’ असा आहे. त्यांतील शेवटचें अक्षर आयिन हेंहि गुंडाळींत मोठें लिहितात, आणि हा आयिन व ‘एहाद’ मधील दालेथ हीं दोन मोठीं अक्षरें एकत्र वाचलीं, तर ‘साक्षी’ या अर्थाचा शब्द होतो, असें त्यांचे पंडित दाखवितात. बेने इस्रायलांनीं अक्षरें गेलीं तरी ऐकणें सोडलें नाहीं. म्हणून अक्षरें परत आलीं तेव्हां तीं ओळखीचीं वाटलीं. आपल्या दप्तरांतील मोडीकडे पाहतांना हें स्मरणांत ठेवावें. लिपि शिकण्यास कांहीं महिने पुरतात. मात्र तोंवर त्या कागदांतील शब्द कोणाच्या तरी कानांत जिवंत असावे लागतात.