खाजगीपणाचा कायदा आणि जाहिरातीचा धंदा

जाहिरातीच्या धंद्याला खाजगीपणाच्या कायद्याचा लगाम घालण्याची कल्पना अगदीं अलीकडची असून ती संगणकाच्या युगांतच जन्मास आली, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गांत रूढ झालेला दिसतो. युरोपीय संघाचा २०१८ सालीं अमलांत आलेला नियम आणि आपल्याकडील २०२३ चा कायदा यांच्या चर्चेनें तो अधिकच दृढ झाला आहे. परंतु वस्तुस्थिति निराळी आहे. खाजगीपणाच्या हक्काला आधार देणारा अमेरिकेंतील एक आद्य कायदा जाहिरातीच्याच भांडणांतून निघाला, आणि त्याला आज सव्वाशें वर्षें होत आलीं. जाहिरातदारानें माणसाची संमति घ्यावी, हा जो उपाय त्या कायद्यानें सांगितला, तोच थोड्याफार फरकानें आजचे कायदेहि सांगत आहेत. हा उपाय त्या वेळीं लागू कां पडला आणि आज तो अपुरा कां पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१८८८ सालीं कोडॅक कॅमेरा बाजारांत आला. त्यापूर्वीं छायाचित्र काढवून घ्यावयाचें म्हणजे छायाचित्रकाराच्या दुकानांत जाऊन स्तब्ध बसावें लागे. ज्याचें चित्र त्याची संमति त्यांत आपोआपच येई. हातांत मावणाऱ्या कॅमेऱ्यानें ती अट नाहींशी केली. १८९० सालीं सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनीं 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' या नियतकालिकांत खाजगीपणाच्या हक्कावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांतहि या नव्या छायाचित्रणाचा उल्लेख आहे. त्यांचा मुख्य रोख मात्र चहाटळ वर्तमानपत्रांवर होता. जाहिरातदाराची पाळी पुढें यावयाची होती.

ती न्यूयॉर्क राज्यांत आली. फ्रँकलिन मिल्स नांवाच्या पिठाच्या कंपनीनें ॲबिगेल रॉबर्सन या अल्पवयीन मुलीचें चित्र, तिला न विचारतां, आपल्या जाहिरातीच्या पत्रकावर घातलें. छापण्याचें काम रॉचेस्टर फोल्डिंग बॉक्स कंपनीनें केलें. सुमारें २५,००० प्रती निघाल्या, आणि त्या दुकानें, वखारी व दारूचे गुत्ते यांच्या भिंतींवर लागल्या. चित्र विद्रूप नव्हतें. उलट चांगलेंच होतें. परंतु परिचितांनीं तें ओळखून थट्टा आरंभिली, मुलीनें हाय खाल्ली आणि ती अंथरुणास खिळली, असें तिच्या फिर्यादींत म्हटलें होतें. तिनें १५,००० डॉलर नुकसानभरपाई आणि पुढील प्रसारास मनाई मागितली.

१९०२ सालीं त्या राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं तिच्या विरुद्ध निकाल दिला. मुख्य न्यायाधीश ऑल्टन पार्कर यांचें म्हणणें असें कीं, असा हक्क पूर्वींच्या निर्णयांत कोठेंहि आढळत नाहीं. तो मान्य केल्यास दाव्यांचा पूर लोटेल. आणि नवा हक्क निर्माणच करावयाचा असेल, तर तें काम विधिमंडळाचें आहे. अल्पमतांतील न्यायाधीश ग्रे यांचा विचार मला अधिक मूलगामी वाटतो. चेहऱ्याला बाजारांत कांहीं मोल असेल, तर तें मोल ज्याचा चेहरा त्याचेंच होय, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

निकालाविरुद्ध एवढा गवगवा झाला कीं, बहुमतांतील एका न्यायाधीशाला कायद्याच्या नियतकालिकांत लेख लिहून त्याचें समर्थन करावें लागलें. पुढच्याच वर्षीं, १९०३ सालीं, विधिमंडळानें कायदा केला: कोणाहि जिवंत व्यक्तीचें नांव अथवा चित्र तिच्या लेखी संमतीवांचून जाहिरातीसाठीं वा व्यापारासाठीं वापरणें हा गुन्हा ठरला, आणि मनाईहुकूम व नुकसानभरपाई मागण्याचा हक्क त्या व्यक्तीस मिळाला. या प्रकरणाचा उपसंहारहि मनोरंजक आहे. १९०४ सालीं पार्कर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि छायाचित्रकारांच्या उपद्रवाविषयीं तक्रार करूं लागले; तेव्हां त्याच मुलीनें त्यांना जाहीर पत्र लिहून त्यांच्या निकालाची आठवण करून दिली! १९०५ सालीं जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तर विधिमंडळाची वाट न पाहतां हा हक्क मान्य केला. तें प्रकरणहि जाहिरातीचेंच होतें. एका विमा कंपनीनें एका चित्रकाराचें छायाचित्र त्याला न विचारतां छापलें होतें.

या कायद्यानें जाहिरातीचा धंदा बुडाला काय? मुळींच नाहीं. चेहरा फुकट उचलण्याची चाल बंद पडून तो विकत घेण्याची चाल पडली, इतकेंच. कायदा लागू पडला याचीं कारणें उघड आहेत. घेतलेली वस्तु डोळ्यांना दिसत होती. घेणारा कोण हें पत्रकावरच छापलेलें होतें. आणि संमति एकदांच, एकालाच व एकाच कामासाठीं द्यावयाची होती. ज्याला नाहीं म्हणावयाचें त्याला तसें म्हणून स्वस्थ बसतां येत होतें.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जाहिरातदाराची भूक चेहऱ्यावरून वर्तनाकडे वळली. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं 'कुकी' नांवाची लहानशी खूण योजिली. संकेतस्थळाला परत आलेला माणूस ओळखतां यावा, एवढाच तिचा मूळ हेतु होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत हॉटवायर्ड या संकेतस्थळावर जाहिरातीचे पहिले पट्टे झळकले. पुढें या दोहोंची गांठ पडली. आज एखादें पान उघडतांच, तें डोळ्यांपुढें येण्याच्या आंतच, वाचकाचें ठिकाण, त्याचें यंत्र व त्याच्या आवडीनिवडी यांची वर्दी अनेक मध्यस्थांस जाते, आणि त्याला कोणती जाहिरात दाखवावयाची याचा लिलाव होऊन जातो. रॉबर्सनचें चित्र निदान भिंतीवर तरी लागलें होतें; या लिलावांत आपण विकले गेलों हें विकल्या जाणाऱ्यासहि कळत नाहीं.

युरोपांत या प्रश्नाचा विचार वेगळ्या वाटेनें आला. तेथील भीति दुकानदाराची नसून सरकारी दप्तराची होती. जर्मनींतील हेसे प्रांतानें १९७० सालीं व स्वीडननें १९७३ सालीं माहितीच्या रक्षणाचे कायदे केले. १९८३ सालीं जर्मनीच्या घटना-न्यायालयानें, आपल्या माहितीचें काय व्हावें हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असें शिरगणतीच्या प्रकरणांत सांगितलें. याच परंपरेंतून १९९५ चा निर्देश आणि २०१६ सालीं संमत होऊन २५ मे २०१८ पासून लागू झालेला सर्वसाधारण नियम निघाला. जगभरच्या उलाढालीच्या शेंकडा ४ पर्यंत दंडाची त्यांत तरतूद असल्यानें मोठमोठ्या कंपन्यांचेंहि धाबें दणाणलें.

परिणाम झाले, पण अपेक्षिले तेच झाले असें म्हणवत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत फ्रान्सच्या नियामकानें, जाहिरातीसाठीं घेतलेली संमति स्पष्ट नव्हती म्हणून, गूगलला ५ कोटि युरो दंड केला. त्याच वर्षीं युरोपीय न्यायालयानें, आधींच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमति नव्हे, असा निर्णय दिला. परंतु अर्थशास्त्रज्ञांनीं हजारों संकेतस्थळांची पाहणी केली तेव्हां असें दिसलें कीं, नियम लागू होतांच संकेतस्थळांनीं मध्यस्थ कंपन्यांचा वापर सुमारें १५ टक्क्यांनीं कमी केला. मात्र गळाले ते लहान मध्यस्थ, आणि गूगलचा वांटा तुलनेनें वाढला. बाजाराचें केंद्रीकरण सुमारें १७ टक्क्यांनीं वाढलें. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, अशांतलाच हा प्रकार!

कायद्याहून मोठा तडाखा एका कंपनीनें दुसरीला दिला. २०२१ च्या एप्रिलांत ॲपलनें आपल्या दूरध्वनींवर, माग काढण्यापूर्वीं प्रत्येक ॲपनें मालकाची परवानगी विचारावी, असा दंडक घातला. त्यामुळें २०२२ सालीं आपलें सुमारें १,००० कोटि डॉलरांचें उत्पन्न बुडेल असें फेसबुकच्या मालक कंपनीनें स्वतःच जाहीर केलें. पुढें २०२५ च्या मार्चांत फ्रान्सच्या स्पर्धा-नियामकानें, हा दंडक ज्या रीतीनें राबविला तींत प्रबळ स्थानाचा दुरुपयोग झाला असें ठरवून, ॲपललाच १५ कोटि युरो दंड केला. द्वारपालाच्या हातीं किल्ली दिली म्हणजे तो घराचें रक्षण करतो, तसा दस्तुरीहि मागूं लागतो.

जाहिरातदारांचा आक्षेप असा कीं, जाहिरातीवांचून वर्तमानपत्रें व फुकट मिळणाऱ्या सोयी जगणार नाहींत. हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. लहान प्रकाशकाची अडचण खरी आहे. परंतु जाहिरात आणि पाळत या दोन वस्तु आहेत. न्यूयॉर्क टाइम्सनें २०१८ नंतर युरोपांत वाचकांचा माग काढणाऱ्या जाहिराती बंद केल्या व मजकूर आणि प्रदेश पाहून जाहिराती दिल्या, तरी तेथील जाहिरातीचें उत्पन्न घटलें नाहीं. सगळ्यांना हें साधेल असें नव्हे. पण पाळतीवांचून जाहिरातच अशक्य आहे, हें म्हणणें त्यामुळें लंगडें पडतें.

खरा दोष संमतीच्या साधनांतच आहे. १९०३ ची संमति ही आयुष्यांत क्वचित् येणारी गोष्ट होती. आजची दिवसांतून दहा वेळां मागितली जाते. पुढें जावयाचें म्हणून आपण बटण दाबतों. वाचल्यावांचून दिलेल्या होकारानें देणाऱ्याचें रक्षण होत नाहीं, घेणाऱ्याचें मात्र होतें. चोराला अडविण्याचें काम कायद्यानें आपल्याकडे न घेतां घरमालकाला रात्रभर जागत बसविलें, असा हा न्याय आहे.

आपल्या देशांत २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी प्रकरणांत खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ चा कायदा त्यानंतरचा. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधनांसाठीं अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्याचाहि कणा संमति हाच आहे. तथापि त्यांत एक निराळें कलम आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढणें व त्यांना नेमकें हेरून जाहिरात करणें यांस, कांहीं अपवाद वगळतां, तेथें सरळ बंदी आहे, आणि मुलांविषयींच्या बंधनांचा भंग केल्यास २०० कोटि रुपयांपर्यंत दंड आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवांविषयींच्या कायद्यानेंहि मोठ्या मंचांना अशीच मनाई केली असून, धर्म, आरोग्य यांसारख्या नाजूक माहितीवरून कोणालाहि हेरण्यास बंदी घातली आहे. माझ्या मतें पुढची वाट हीच होय: कांहीं गोष्टी विचारून घेतां येतात, आणि कांहीं विचारावयाच्याच नसतात.

तोंवर संमतीचें साधन निदान धारदार तरी ठेवलें पाहिजे. संमतीची मागणी इंग्रजींत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याहि भाषेंत वाचण्याची मुभा आपल्या कायद्यानें दिली आहे. त्यांत मराठी आहे. ही मुभा कागदावर राहूं न देणें, म्हणजे घरांत कोणी बटण दाबण्यापूर्वीं ती मागणी मराठींत मागून वाचणें, हें आपल्या सुशिक्षित कुटुंबांच्या हातचें आहे. रॉबर्सनला न विचारतां तिचा चेहरा नेला गेला. आपल्याला विचारतात, पण काय विचारलें हें न वाचतांच आपण होकार देत राहिलों, तर तिच्याहून आपली स्थिति फारशी बरी आहे असें म्हणतां यावयाचें नाहीं.