चिनी ग्राहक आणि परदेशातील लघुविक्रेता : सीमापार ई-व्यापाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
चीनच्या बाजारपेठेचे आकर्षण परदेशी व्यापाऱ्यांना नवे नाही. १७५७ मध्ये चीनने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार कॅन्टन या एकाच बंदरापुरता मर्यादित केला. तेथे 'कोहाँग' या परवानाधारक व्यापाऱ्यांच्या संघामार्फतच व्यवहार करावा लागे. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३-१८५९) यांच्यासारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांचा कापूस याच मार्गाने विकला जाई. अफूचा चोरटा व्यापार मात्र या चौकटीबाहेर चाले. १८४२ च्या नानकिंग तहाने कोहाँगची मक्तेदारी संपली. इंटरनेटच्या युगात मध्यस्थ नाहीसा होऊन लहान विक्रेताही थेट चिनी ग्राहकापर्यंत पोहोचेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. ती कितपत खरी ठरली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मागणीची पार्श्वभूमी :
२००८ मध्ये सानलू व अन्य चिनी कंपन्यांच्या दूधभुकटीत मेलामाइन आढळले. प्रथिनांचे प्रमाण जास्त भासावे म्हणून ही भेसळ केली जात होती. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली व ६ दगावली. देशी मालावरील विश्वास ढासळला आणि पालक परदेशी दूधभुकटीकडे वळले. हाँगकाँगमध्ये तुटवडा निर्माण झाल्याने १ मार्च २०१३ पासून प्रवाशांना फक्त १.८ किलो, म्हणजे दोन डबे, बाहेर नेण्याची मुभा उरली.

दायगोऊ : ओळखीचे भांडवल
या मागणीतून 'दायगोऊ', म्हणजे दुसऱ्याच्या वतीने खरेदी करणारा, हा विक्रेतावर्ग विस्तारला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथील चिनी विद्यार्थी व गृहिणी स्थानिक दुकानांतून दूधभुकटी, जीवनसत्त्वांच्या गोळ्या खरेदी करीत आणि टपालाने चीनला पाठवीत. २०११ मध्ये सुरू झालेल्या वीचॅटवर मागणी नोंदवली जाई. दुकान नाही, गोदाम नाही. नातेवाईक व परिचितांचा विश्वास हेच त्यांचे भांडवल होते. वैयक्तिक पार्सलवरील कर ५० युआनपर्यंत असल्यास माफ होई, ही सवलतही उपयोगी पडली. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील सुपरमार्केटना प्रत्येक ग्राहकास द्यावयाच्या डब्यांची संख्या मर्यादित करावी लागली, यावरून या व्यापाराची व्याप्ती ध्यानात येते.

संघटित व्यवस्था :
चिनी शासनाने हा प्रवाह अधिकृत मार्गाकडे वळविला. २०१२ मध्ये शांघाय, हांगचौ, निंगबो, चंगचौ व चोंगचिंग या शहरांत प्रयोग सुरू झाले. २०१४ मध्ये अलीबाबाने टीमॉल ग्लोबल सुरू केले, तर मार्च २०१५ मध्ये हांगचौ येथे पहिले सर्वसमावेशक प्रायोगिक क्षेत्र मंजूर झाले. या पद्धतीत माल प्रथम बाँडेड गोदामात येतो. ग्राहकाची मागणी, देयक व वाहतूक यांच्या नोंदी जुळल्यावर सीमाशुल्क विभाग तो सोडतो. विक्रेत्यास चीनमध्ये कंपनी स्थापन करण्याची गरज उरली नाही. तथापि सुरुवातीच्या काळात टीमॉल ग्लोबलची अनामत रक्कम सामान्यतः २५,००० अमेरिकी डॉलर असे. शिवाय वार्षिक शुल्क व दलाली वेगळी. लहान उत्पादकास हे सहज परवडणारे नव्हते.

शासकीय नियमन :
८ एप्रिल २०१६ पासून नवी करपद्धती आली. एका व्यवहारास २,००० युआन व वर्षाला २०,००० युआन या मर्यादेत आयातशुल्क शून्य ठेवून मूल्यवर्धित व उपभोग कर देय रकमेच्या ७० टक्के इतके आकारण्यात आले. १ जानेवारी २०१९ पासून या मर्यादा अनुक्रमे ५,००० व २६,००० युआन झाल्या. त्याच दिवशी ई-वाणिज्य कायदा अंमलात येऊन दायगोऊंनाही नोंदणी व करभरणा यांच्या कक्षेत आणले गेले. २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या, विद्यार्थ्यांचे व पर्यटकांचे येणे थांबले आणि हा व्यापार कोलमडला.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मध्यस्थ नाहीसा झाला नाही. त्याचे रूप बदलले. कोहाँगची जागा खाजगी व्यापारमंच व सीमाशुल्काच्या संगणकीय नोंदींनी घेतली. अर्थात फरकही महत्त्वाचा आहे. कोहाँगचे दार मोजक्या व्यापाऱ्यांपुरते होते, नवे दार पैसे व नोंदी असणाऱ्या कोणासही उघडते. मात्र ज्याच्याजवळ केवळ ओळखीचे भांडवल होते, असा सर्वांत लहान विक्रेता या बदलात मागे पडला. मागणी त्यानेच प्रथम ओळखली. बाजारपेठ सुस्थिर झाल्यावर तिचा लाभ मुख्यतः मोठ्या भांडवलाकडे गेला. सीमापार ई-व्यापाराकडे लघुउद्योगांची संधी म्हणून पाहताना प्रवेशाचा खर्च कोण ठरवतो, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारला पाहिजे.